लिब्रादाने पुसलेली रेघ

पिरायू गावात एकही माणूस कुरूप नाही. खोटं वाटत असेल तर कुणाच्याही घरात शिरा आणि भिंतीवरचे फोटो बघा. लग्नातली नवरी, पंधराव्या वाढदिवसाची पोरगी, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला पांढरा शर्ट घालून उभा केलेला पोरगा, सगळे कसे धुतल्या तांदळासारखे. मुरूम नाही, देवीचे व्रण नाहीत, किडका दात नाही, तिरळा डोळा नाही. ही सगळी न्या लिब्रादा कान्येते हिची करामत; वयाने मोठ्या बाईला इकडे मानाने ‘न्या’ म्हणतात, बाप्याला ‘काराई’. चर्चच्या मागच्या गल्लीत तिचं ‘फोतो लिब्रादा’ चाळीसेक वर्षं चाललं, आणि तिथून आपला खरा चेहरा घेऊन कुणी बाहेर पडलं नाही.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा ती हे सगळं पेन्सिलीने करायची. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायची, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायची, जिभेचं टोक दातांत धरायची आणि टिकटिक करत माणसाचं वय उतरवायची. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिलीच्या जागी माउस आला, पण हात तोच. तिचे नियमही ठरलेले होते. गिऱ्हाइकाला कच्चा फोटो दाखवायचा नाही, हा एक. आणि दोन फोटो शेजारी ठेवून बघायचे. जे एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, ती धूळ, पुसून टाकायची. हा नियम तिच्या हाडीमाशी इतका भिनला होता की हात डोळ्याच्या आधी धावायचा.

तिच्यावर रागावलेला माणूस गावात एकच, काराई सोइलो. वीटभट्टीवाला, आडदांड, आता सत्तरीचा. त्याची मोकळी जागा लिब्रादाच्या परसाला अगदी लागून. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको देओलिंदा गेली. नऊ संध्याकाळ प्रार्थना चालते, तेव्हा मेलेल्या माणसाचा फोटो फुलांत ठेवतात. सोइलोकडे होता तो एकच, लग्नातला, अर्थात लिब्रादाने काढलेला. आठ संध्याकाळ हा बाबा त्या फोटोकडे गप्प बघत बसला. नवव्या दिवशी, सगळी आळी गुडघे टेकून बसलेली असताना, उभा राहिला आणि म्हणाला, “मी इतके दिवस मेणबत्ती कुणापुढे लावतोय? ही माझी बायको नाही. हिचा तीळ कुठाय?”

देओलिंदाच्या वरच्या ओठाच्या कोपऱ्यावर मसुराएवढा तीळ होता. तिला हसू यायचं असलं की आधी तो तीळ वर चढायचा. तीळ चढला की सोइलो समजायचा, आता आपली फजिती होणार. फोटोत तीळ नव्हता. फोटोत एक गोरीगोमटी, गंभीर, अनोळखी नवरी होती.

त्या दिवसापासून सोइलो लिब्रादाला ‘अगं’चं ‘अहो’ करू लागला. लहानपणी एका चिंध्यांच्या चेंडूने खेळलेली ही दोघं, आणि आता “नमस्कार, बाईसाहेब.” शिवी दिली असती तरी परवडलं असतं. लिब्रादाने माफी मागितली नाही. ती स्वतःलाच सांगत राहिली, की अख्खं गाव माझ्याकडे हेच मागत आलं, माझं काय चुकलं? पण देओलिंदाने मागितलं होतं का? नव्हतं. लिब्रादाने तो तीळ आपणहून पुसला होता, मैत्रिणीला लग्नाची भेट म्हणून. हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच सोइलो समोरून आला की ती चप्पल नीट करायला वाकायची.

मोबाइल आले तेव्हाच दुकान बसलं होतं. जो तो आपलाच फोटोग्राफर, आणि मुरूमही आपलं आपण पुसतो. लिब्रादाने दिवे, छत्र्या, धबधबा रंगवलेला पडदा सगळं देऊन टाकलं आणि राजधानीतल्या, आसुन्सियोनच्या एका दंतवैद्याकडून जुनी दुर्बीण घेऊन आली. बंबाएवढी नळी, खाली मोटर लावलेली तिवई. शेजारीण न्या सेफेरिना कपाळाला हात लावून म्हणाली, “बाई गं, नवरा गेल्यावर लोक मांजर पाळतात!” लिब्रादाने तिला त्यातून शनी दाखवला. सेफेरिना बराच वेळ डोळा लावून उभी राहिली आणि म्हणाली, “याची कडी कोण घासतं?”

आसुन्सियोनमध्ये अशा हौशी लोकांचा एक गट आहे. शाळेत गणित शिकवणारे प्रोफेसर नेरी त्यांचे पुढारी. पृथ्वीच्या जवळून जाणाऱ्या लघुग्रहांचे फोटो काढायचे, तो दगड कुठल्या ताऱ्यापाशी होता ते मोजायचं आणि जगभराच्या हिशेबात पाठवायचं, हे त्यांचं काम. लिब्रादाला ते ऐकूनच आवडलं. “जन्मभर लोकांना ‘हलू नका’ म्हणत आले,” ती म्हणाली, “आता जो हलतो त्याचाच फोटो काढीन.”

कसलं काय! तिने तीनदा फोटो पाठवले, आणि तिन्ही वेळा प्रोफेसर नेरींचं उत्तर एकच. “सेन्योरा, इतकं स्वच्छ आकाश मी कुणाच्याच फोटोत पाहिलं नाही. पण यात काही नाही.”

गावात अशी गोष्ट लपत नाही. चिपाचे पाव विकणारीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना चघळायला विषय झाला.

“न्या लिब्रादा, काल कशाचा फोटो काढला?”

“कशाचा नाही, बाबा. काही आलं नाही.”

“दाखवा दाखवा... वा! ‘काही नाही’ अगदी हुबेहूब आलंय की!”

ती हसून सोडायची, पण घरी आल्यावर त्या नळीकडे बघत बसायची. आणि ब्वेनोस आयरेसहून तिची मुलगी मिर्ना दर रविवारी फोनवर तेच दळण दळायची. “आई, ती दुर्बीण विकून टाक. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने दे आणि इकडे ये.” मिर्नाचा फ्लॅट लिब्रादाने पाहिला होता. त्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, आणि त्या खिडकीत एक म्हातारी, तीही बाहेर बघत असते. आभाळ बघायचं तर मान मोडेपर्यंत वाकावं लागतं. पण पोरीचं मन मोडवत नव्हतं, आणि तीनदा हसं झालेलं. शेवटी लिब्रादा म्हणाली, “एक शेवटचा प्रयत्न करते. तोही फसला, तर तू ये आणि घेऊन जा, मला आणि दुर्बिणीला.” ती बोलून गेली, आणि कान्येत्यांच्या घरात दिलेला शब्द मागे घेत नाहीत.

तो शेवटचा प्रयत्न नेमका सान हुआन या संताच्या सणादिवशी आला.

सकाळी ती गरम माते, तो कडू पाल्याचा चहा, नळीने ओढत बसली होती तेव्हा नेरींचा फोन आला. एक नवा दगड सापडलाय, दोन-तीन दिवसांपूर्वी, उत्तरेकडच्यांना. आता तो खाली दक्षिणेत उतरलाय, त्यांना दिसत नाही. चिलीच्या डोंगरांवर बर्फ पडतंय, अर्जेंटिनात ढग आहेत. आपलं आभाळ मोकळं आहे. आज अंधार पडल्यावर तो दक्षिणेकडच्या क्रुसाच्या चार ताऱ्यांखालून जाईल, उद्या इतका लांब गेलेला असेल की आपल्या दुर्बिणींत यायचा नाही. “सेन्योरा, तुमच्याकडे दक्षिणेला शहराचा उजेड नाही. जमवा काहीतरी.”

लिब्रादाने परसात जाऊन दक्षिणेकडे पाहिलं. दक्षिणेला तिच्या कुंपणाची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे काराई सोइलो उघड्या अंगाने लाकडं रचत होता. सान हुआनची आग दर वर्षी तिथेच पेटते, अंधार पडला की लगेच, घराएवढी. मग तिच्या निखाऱ्यांवरून चालायचं, तेल लावलेल्या खांबावर चढायचं, घासलेटात भिजवलेला चिंध्यांचा चेंडू पेटवून लाथाडायचा. धूर असा की दुसऱ्या दिवशी चादरी पुन्हा धुवाव्या लागतात. आणि या सगळ्याचा कर्ताधर्ता सोइलो. देवाने सगळ्या दिशा सोडून याच दिशेला दगड पाठवावा, म्हणजे काय म्हणायचं!

तिने शाल घेतली, सोडली, पुन्हा घेतली. अखेर गेली. तिथे सेफेरिना म्बेजूच्या भाकऱ्यांसाठी मांडिओच्या कंदाचं पीठ आणि चीज घेऊन आलेली, आणखी पाच-सहा बाया, पोरं चेंडू बांधत बसलेली. म्हणजे सगळ्यांसमोरच बोलावं लागणार होतं.

“काराई सोइलो, एक मागणं होतं.”

“बोला, बाईसाहेब.” त्याने मान वर केली नाही.

“आग जरा उशिरा पेटवाल का? तासभर. धूर नको, उजेडही नको.”

आता त्याने मान वर केली. “सान हुआनची आग? उशिरा? पोरं वर्षभर वाट बघतात. सान हुआन काय तुमच्या दुकानात फोटोला बसलाय का, ‘थांबा, हनुवटी वर करा’ म्हणायला?”

बाया पदराआड नाही, चांगल्या तोंडभर हसल्या. लिब्रादाही कसनुसं हसली. “आभाळातून एक दगड जातोय. त्याचा फोटो काढायचाय.”

“दगड बघायला आभाळात कशाला जायला हवं? माझ्या पायाशी ढीग पडलाय. हवा तो उचला.”

“हा आजच आहे. आज फोटो निघाला तर कुठून आला, कुठे चाललाय ते कळेल. नाही निघाला तर हरवेल. पुन्हा कधी आला तर कुणी ओळखणार नाही त्याला.”

सोइलोने हातातलं लाकूड खाली ठेवलं. “आणि फोटो काढला तर ओळखतील?” तो सावकाश म्हणाला. “तुम्ही काढलेल्या फोटोवरून?”

कुणी हसलं नाही. लिब्रादाचे कान तापले, जमीन दुभंगेल तर बरं असं तिला झालं. खरं तर तोंडातून निघायला हवं होतं, “माझं चुकलं रे.” पण निघालं ते एवढंच, “ओळखतील.”

सेफेरिनाने पिठाची परात आपटली. “अरे तासाभराने काय आभाळ कोसळतंय? माझं पीठ अजून कालवायचंय! उपाशी पोटी नाचणार आहात का?”

सोइलो तिच्याकडे, मग लिब्रादाकडे बघत राहिला. “एक तास,” तो म्हणाला. “पण मी तिथे येऊन बसणार. काय काढता ते माझ्या डोळ्यांनी बघणार. तुमच्या फोटोवर माझा भरवसा नाही.”

इकडे जून म्हणजे भर हिवाळा, थंडी होती. अंधार लवकर पडला. गल्लीतल्या घरांनी दिवे मालवले, म्हणजे सेफेरिनाने दारोदार जाऊन मालवायला लावले. भिंतीपलीकडे सगळी वस्ती न पेटलेल्या लाकडांभोवती उभी होती आणि पोरं दर मिनिटाला ओरडत होती, “झालं का, न्या लिब्रादा?” सोइलो पोंचो पांघरून परसात स्टुलावर बसला. त्याने हाताची घडी घातली.

लिब्रादाने आपला लग्नांचा जुना कॅमेरा दुर्बिणीला अडकवला, नेरींनी सांगितलेली जागा शोधली, तारे टोकदार करून घेतले. एकेका फोटोला शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं. बटण दाबताना सवयीने तिच्या तोंडून निघालं, “हलू नका हं.” भिंतीपलीकडे पोरं खिदळली. तिला हसू आलं नाही. बोटं गारठली होती, आणि फोटोगणिक तिच्या डोळ्यांसमोर मिर्नाची खिडकी आणि समोरची ती म्हातारी येत होती.

सांगितलेले सगळे फोटो निघाले. “झालं,” ती म्हणाली. सोइलोने भिंतीवरून हाळी दिली, “पेटवा!” आणि पलीकडे भडका उडाला. “वीवा सान हुआन!” करून गाव ओरडलं. दक्षिणेचं आभाळ धुरात गेलं. आता दुसरी संधी नव्हती.

ओसरीत टेबलावर कॉम्प्युटर होता. तिने वायरने फोटो त्यावर घेतले आणि बसली. सोइलो तिच्या मागे उभा राहिला. पहिला फोटो उघडला. तारे होते, आणि तशी नेहमीची घाण, दोन-चार ठिपके, एक बारीक ओरखडा. शेजारी दुसरा उघडला. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. हात आपला चालू पडला. हे पूस, ते पूस. आधी साफ करायचं, मग शांतपणे दगड शोधायचा; दगड म्हणजे जागा बदलणारा ठिपका, असं नेरींनी सांगितलं होतं. मागे आपल्याला कुणी न्याहाळतंय म्हटल्यावर तर तिने जरा जास्तच मन लावून पुसलं. कच्चा फोटो गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, आणि हे गिऱ्हाईक तर सोइलो! सगळे फोटो लख्ख झाले तेव्हा पलीकडून त्याला निखारे पसरायला बोलावणं आलं आणि तो गेला. तिने पुनःपुन्हा पाहिलं. जागा बदलणारं काही दिसेना. तिचे डोळे म्हातारे झाले असतील, नेरींना दिसेल. तिने फोटो पाठवून दिले.

थोड्या वेळाने फोन वाजला. प्रोफेसर नेरी चांगला माणूस, त्यांचा आवाजच पडला होता. “सेन्योरा... आकाश सुंदर आहे. पण यात काही नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

भिंतीपलीकडे निखाऱ्यांवरून कुणीतरी चालत होतं आणि बाया टाळ्या पिटत होत्या. लिब्रादा ओसरीत बसून राहिली. रडायला आलं, पण रडायचं तरी कशासाठी, एका दगडासाठी? मग मनात आलं, दगडासाठी कशाला, या परसासाठी, या खुर्चीसाठी, सेफेरिनाच्या ओरडण्यासाठी. आणि मग मात्र तिला चांगलंच रडू आलं. तिने तोंड पुसलं, फोन हातात घेतला आणि मिर्नाचा नंबर काढला.

तेवढ्यात दारात सोइलो. हातात ताटली, ताटलीत गरम म्बेजू. “सेफेरिनाने पाठवलंय. आला का तुमचा दगड?”

“नाही आला.”

“मग मघाशी पुसत काय होतात?”

“धूळ.”

“प्रत्येक फोटोत?”

“धूळच ती. पडते कुठेही, एका जागी थोडीच राहते? जागा बदलते...”

आणि ती थांबली. आपलं वाक्य आपल्याच कानांत परत आलं.

सोइलोने ताटली टेबलावर ठेवली. “धूळ रांगेत चालते का हो?” तो म्हणाला. “एक बारीक पांढरी रेघ होती. पहिल्या फोटोत खाली. पुढच्यात जरा वर. मग आणखी वर. तुम्ही पुसत गेलात, ती पुढे सरकत गेली. तुम्ही काय काय पुसता यावर माझी नजर असते, बाईसाहेब. सहा वर्षं झाली.”

लिब्रादाने तोंडावर हात ठेवला. जवळून जाणारा दगड, अर्धा मिनिट उघडं शटर. तो ठिपका कसा येईल? तो सरपटणार, रेघच ओढणार! आणि जे एकात आहे अन् दुसऱ्यात नाही... अगं लिब्रादा, तीन वेळा! मागच्या तिन्ही खेपांनाही तू असंच केलंस. आपल्याच हाताने पुसलंस आणि आपणच शोधत बसलीस!

“कच्चे कुठे आहेत?” सोइलोने विचारलं.

कॉम्प्युटरवरचे तर साफ झाले होते. कार्ड! कॅमेऱ्यातलं कार्ड. ते ती काम झाल्या झाल्या कोरं करून टाकते, पुढच्या लग्नासाठी, गेली कित्येक वर्षं लग्न नसलं तरी. आज केलं होतं का? आठवेना. ती उठली ती अनवाणीच परसात धावली, आणि तोच भिंतीवरून पेटलेला चेंडू उडत आला, दोन टप्पे घेत थेट दुर्बिणीच्या तिवईखाली जाऊन धडधडत बसला.

“अरे मेल्यांनो!” लिब्रादा किंचाळली.

सोइलो तिला मागे सारून पुढे झाला. सत्तरीचं वय, पायात टायरची चप्पल. त्याने चेंडू आधी पायाने बाहेर ओढला आणि मग अशी लाथ घातली की तो आला त्याच वाटेने भिंतीपलीकडे गेला. तिकडून गावाने “गोऽऽल!” केलं. सोइलो एका पायावर नाचत चप्पल विझवत होता.

लिब्रादाने कॅमेरा काढला. कार्ड कोरं केलं नव्हतं. सोइलो मागे बसलेला म्हणून आज तिचं कशातच लक्ष नव्हतं, तेवढं राहून गेलं होतं.

दोघं ओसरीत आली. तिने फोटो पुन्हा उघडले, एकामागून एक, धूळ आणि ठिपक्यांसकट. क्रुसाच्या खाली ती रेघ होती. नखाच्या कडेएवढी. प्रत्येक फोटोत होती, आणि प्रत्येकात थोडी पुढे गेलेली.

“हात लावू नकोस,” सोइलो म्हणाला.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या तोंडून ‘नकोस’ आलं होतं. त्याला कळलंही नसावं. लिब्रादाला कळलं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. “तूच पाठव,” ती म्हणाली. “माझ्या हातांचा भरवसा नाही.” आणि विटा थापून थापून जाड झालेलं ते बोट तिने सांगितलेल्या जागी टेकलं.

नेरींचा फोन आला तेव्हा म्बेजू निवून चामट झाली होती. फोन कानापासून लांब धरावा लागला, इतके ते ओरडत होते. “सगळ्या फोटोंत आहे, सेन्योरा! सगळ्या! कुठे लपवून ठेवला होतात? आमच्यातल्या आणखी एकालाच मिळालाय, आता वाट जुळते त्याची, हरवत नाही तो!”

“लपवला नव्हता हो,” लिब्रादा म्हणाली, “पुसला होता.”

मग ती भिंतीपाशी जाऊन ओरडली, “आला!” पलीकडच्यांना कोण आला ते कळलं नसेल, पण सान हुआनच्या दिवशी ओरडायला कारण लागत नाही. सगळे ओरडले. मिर्नाला तिने तसाच फोन लावला. “दुर्बीण विकायची नाही. मी येत नाही. तू ये, पोरांना घेऊन ये, हिवाळ्यातली सुट्टी आहे. आणि गिऱ्हाइकाला सांग, आई वेडी आहे.”

दुसऱ्या दिवशी लिब्रादाने दुकानाचं शटर वर केलं. आतल्या खोलीत बिस्किटांच्या डब्यांत निगेटिव्ह होत्या, पाकिटांवर तिच्याच हाताने नावं घातलेली. देओलिंदाचं पाकीट सापडलं. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवून तिने भिंगातून पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यावर तिच्या पेन्सिलीची बारीक टिंबं होती, एकमेकांना खेटून बसवलेली. काय सुबक काम होतं! तिला आधी स्वतःचं कौतुक वाटलं आणि मग लाज वाटली. तिने टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला, पिळला आणि अगदी हलक्या हाताने ती टिंबं पुसायला घेतली. कापूस काळा झाला. काचेवर ओठाच्या कोपऱ्याशी एक मोकळा ठिपका राहिला; निगेटिव्हवर काळा तीळ असाच दिसतो.

छापायचं यंत्र कधीच विकलं होतं. तिने निगेटिव्ह खिडकीच्या काचेला चिकटवली, कालच्याच कॅमेऱ्याने तिचा फोटो घेतला, कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं. निगेटिव्हवर चरे होते, बुरशीचा एक डाग होता. हात तिकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि तसाच कागद छापला.

सोइलो आगीची राख फावड्याने भरत होता. लिब्रादा आज चप्पल नीट करायला वाकली नाही. तिने फोटो पुढे केला. “हा कच्चा आहे,” ती म्हणाली. “तेव्हाच द्यायला हवा होता. तिने मला पुस म्हणून सांगितलं नव्हतं. मीच पुसला. माझं चुकलं, सोइलो.”

सोइलोने हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, आणि फोटो कडांना धरून घेतला. फोटोतली देओलिंदा फुलांचा गुच्छ धरून उभी होती. बाजूला तो स्वतः, तंग कोटात, गळ्याचं बटण लावलेला, भेदरलेला.

“लिब्रादा,” तो म्हणाला, “इकडे बघ. तीळ वर चढलाय.”

ती वाकून बघू लागली.

“मला वाटत होतं, लग्नात ती गंभीर होती. इतकी वर्षं वाटत होतं, मनाविरुद्ध उभी होती की काय माझ्याशेजारी.” “हसू दाबतेय गं ती. माझ्या कोटाला हसतेय.”